सिदूचा बाळंतविडा

सावळपुरी महाराज तेव्हा बोरजाईच्या माळावर राहायचे. मठ म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा आणि एक चिंचेचं झाड. त्या मठाला रोज कावडीनं पाणी घालायचा सिदू. आईबाप लहानपणीच गेलेले. सडाफटिंग चुलत्यानं त्याला मेंढरांमागं वाढवला. घरात बाईमाणूस कधी नव्हतंच. त्यामुळं बायकांच्या गोष्टी त्याला ठाऊक नसायच्या, आणि विचारायची लाज वाटायची.

त्याची बायको गुणा. तिलाही माहेर उरलं नव्हतं. पहिलटकरीण, नववा महिना. पाय असे सुजलेले की बोटातली जोडवी निघेनात. खाली बसली की उठायला सिदूचा हात लागायचा. चोरून भाजकी माती खायची. जेवताना पोटावर ताटली टेकवली की आतनं लाथ बसायची, ताटली हलायची, आणि दोघं हसत सुटायची.

गावात सुईण एकच, बायजाक्का. हाताला देवानं यश दिलेलं, पण जीभ! आपल्यावाचून गावाचं अडतं, हे तिला पुरतं माहीत होतं. तिनं गुणाचं पोट चाचपलं आणि जाता जाता सिदूला म्हणाली, "दिवस भरत आलेत. बाळंतविडा तयार ठेव. माहेर न्हाई तिला, मग तूच आणायला पायजे."

सिदूनं मान हलवली. बाळंतविडा म्हणजे कुंची, अंगडं, टोपडं, दुपटं, असे बाळाचे कपडे. पण हे त्याला कोण सांगणार? त्याला विडा म्हणजे पानाचा, एवढंच माहीत.

गुरुवारी आरतीला सगळा गाव मठात जमला. सिदू चार कोस चालून बाजारातनं आला होता. ओल्या फडक्यातनं त्यानं विडा काढला. चांगलं कळीदार पान, वर लवंग टोचलेली. बायजाक्कापुढं धरून म्हणाला, "अक्का, आणला बाळंतविडा."

मग बायजाक्काच पहिली हसली.

"अगं बया बया! बघा गं ह्यो बाळंतविडा! पोर काय पान चघळत येणार हाय व्हय रं? पिकदाणी बी आणलीस का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुरुषही हसले. सिदूला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गुणा भिंतीला धरून कशीबशी उठली. "अक्का, त्यांना न्हाई ठाऊक. मीच सांगायला पायजे होतं."

"मग आता सांग! आणि खरा विडा घरात आल्याबिगर मला बोलवायला येऊ नका. चिंध्यांत पोरं गुंडाळायला मी रिकामी न्हाई."

महाराज ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "सिदू, आण रे तो इकडं."

सिदूनं मान खाली घालूनच हात पुढं केला. महाराजांनी तो विडा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. "आम्ही विडा उचलला हो!"

लोकांना वाटलं, महाराजांनी शब्दावर कोटी केली. परत हशा झाला.

मंगळवारी दुपारी गुणाला कळा लागल्या. सुगीचे दिवस, शेजारीपाजारी सगळे रानात. सिदू पळत बायजाक्काच्या दारात गेला. आत पाहुणे बसलेले. अक्काचा आवाज येत होता, "आणि वर लवंग बी टोचलेली!" मग हसण्याचा कल्लोळ.

कडीवर गेलेला सिदूचा हात खाली आला. बायको तिकडं तळमळतेय आणि हा इथं उभा. तोंडातनं हाक फुटेना. तसाच मागं फिरला आणि मठात जाऊन महाराजांच्या पायांवर पडला.

"महाराज, दारापातूर गेलो. लाज वाटली. हाकच मारली न्हाई मी. माझ्या लाजेपायी ती मरंल!"

महाराज म्हणाले, "लाजायची पाळी तुझी नाही बाळा. जा, पाणी तापव. अक्का येतायत."

घरी पोचतो तर काय! बायजाक्का आधीच आत! "उभा काय राहिलास, पाणी आण," एवढंच बोलली. ना टोमणा, ना हसू. बाळ पायाळू होतं. गुणा दोनदा बेशुद्ध झाली. अक्का तिची कंबर चोळत म्हणत राहिली, "माझी बाय ती, आणखी थोडं." दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, आणि खणखणीत रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदू सुपात जोंधळे आणि नारळ घेऊन बायजाक्काकडं गेला. तिच्या पाया पडला. "अक्का, काल तुम्ही आलात म्हणून दोघी वाचल्या."

अक्काला वाटलं, हा टोचून बोलतोय. काय ते बघायला रागानंच ती त्याच्याबरोबर त्याच्या घरी आली. बाळाचं फडकं सोडलं आणि तिचा हात थांबला. नाळेला तीन वेढ्यांची गाठ होती. ती गाठ तिनं आजवर कुणाला शिकवली नव्हती. आणि फडकं होतं भगव्या छाटीचं.

गुणा हात जोडून म्हणाली, "अक्का, तुमचे हात माझ्या आईचे हात."

गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. पण बायजाक्काच्यानं ते फुकटचं श्रेय घेववेना.

"मी आले न्हवते गं पोरी," ती म्हणाली. "मी पाहुण्यांत बसून तुझ्या नवऱ्याला हसत होते."

तिथनं ती थेट मठात. मागोमाग घाबरलेला सिदू. महाराज चिंचेखाली बसले होते. छाटीचा एक पदर फाटलेला. अक्का रडायलाच लागली. "महाराज, माझं काम तुम्हाला करायला लागलं!"

महाराज हसले. "तुमचे हात फार गुणाचे आहेत अक्का. काल तेवढेच उसने घेतले. जीभ तुमच्याकडंच राहू दिली."

ती पायांवर वाकली, तर महाराजांनी पाय मागं घेतले आणि सिदूकडं बोट दाखवलं.

"नको अक्का, तुम्ही थोरल्या," म्हणत सिदू मागं सरला. पण गावाला हसवणारी बायजाक्का त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं टेकून बसली. सिदूनं दोनदा म्हटलं, "अक्का, उठा की." तिला वर बघवत नव्हतं.