साकवावरची हाक

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात, बाजाराच्या वाटेवर एका तरुणीच्या हातातला पट्टा अचानक डावीकडे ओढला गेला. ती दचकली. डावीकडे वळण नव्हतंच. तिथे होतं गुरवीणकाकूंचं अंगण.

ही तरुणी चटया विणायची. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तांबू नावाचा तिचा कुत्रा पुढे चालायचा आणि त्याचा पट्टा धरून ती कुठेही एकटी जायची.

"आला माझा राजा," काकू म्हणाल्या. चुलीवरची पहिली भाकरी कुत्र्याला घालायची, अशी त्या गावची रीत. आणि तांबू तर सगळ्यांचाच लाडका.

"काकू, तो मला घेऊन चाललेला असताना नका ना बोलावू त्याला. त्याचं लक्ष उडालं की माझा पाय चुकतो."

"इश्श, मुक्या जिवाला घास घातला तर तुझं काय गं जातंय?"

ओट्यावरची मंडळी हसली. तीही कसनुशी हसली. इतक्या मायेच्या माणसांना रोज रोज नाही तरी कसं म्हणायचं?

पुढे साकव लागला. दोन ओंडक्यांचा, बिनकठड्याचा, खाली खोल पाणी. ती मधोमध आली, तोच पलीकडून शेववाला म्हणाला, "तांब्या, ये लेका, ताजी शेव आहे."

तांबू वळला. तिचा पाय ओंडक्यावरून निसटला. खाली नुसती हवा. ती मटकन बसली, डोक्यावरच्या चटया पाण्यात गेल्या.

मग दोन्ही काठांवर एकच गलका. "तांबू, मागे फिर." "अरे मागे कुठं, इकडे ये." "सरळ चल रे, सरळ." प्रत्येकाला तिला वाचवायचंच होतं. बिचारा तांबू मात्र दोन्हीकडे बघत जागीच फिरू लागला.

"माझं ऐका कोणीतरी," ती म्हणाली. "त्याला हाका मारू नका. माझा आवाज तेवढा पोचू दे त्याला."

कोणाला ऐकूच गेलं नाही. जो तो तांबूशी बोलत होता.

"काकू, आहात का हो तिथे?" तिने हाक मारली.

भाकरी घेऊन मागोमाग आलेल्या काकू थबकल्या. त्यांनी शेजारणीच्या तोंडावर हात ठेवला, शेववाल्याला डोळ्यांनीच दटावलं. एकेक आवाज थांबला.

"आहे गं बाय," त्या म्हणाल्या. "आता कोणी बोलणार नाही. तू बोल त्याच्याशी."

"तांबू, सरळ," ती म्हणाली, आणि त्याच्या पट्ट्यामागे पाऊल पाऊल टाकत ती पलीकडच्या काठाला लागली.

तात्पर्य एवढंच, की वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचे लाड करण्याआधी त्याच्या माणसाला विचारावं. खऱ्या मायेला थोडा वेळ गप्पही राहता येतं.