भिवाने मशीनघर आखलं

एका गावात एक भोळा फक्कीवाला होता. नाव भिवा. कबड्डीचं मैदान असो की मतदानाची रांग, चुन्याची पांढरी फक्की मारावी ती भिवानेच. रेघ सुतासारखी सरळ. डोकंही तसंच सरळ, वळायचं म्हणून नाही. त्याला कुणी "जरा थांब" म्हटलं, तर "आता चल" म्हणेपर्यंत तो थांबायचा. एकदा म्हणणारा माणूस तिथूनच सासुरवाडीला गेला. भिवा दोन दिवस वेशीत उभा.

अशा माणसाची कामं टिकणार कशी? सहा सुटली. सातवं लागलं तालुक्याच्या दूध संघात. बायको कौसाबाई म्हणाली, "हितनं बी घरी धाडलं, तर मी म्हायेरी चालले. परत यायची न्हाई."

भिवाचा कौसाबाईवर फार जीव. तो घाबरला. त्याने ठरवलं, आता कुणी काही शिकवलं तर ते विसरायचं नाही. आणि खरंच, तो काहीएक विसरला नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

संघाने नवं डेटा सेंटर बांधलं होतं. चारशे गावांतल्या दूधकेंद्रांचं काम ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर चालणार, ते ठेवायचं दालन. गावाने त्याला मशीनघर म्हणायला सुरुवात केली. आत त्या कॉम्प्युटरांची माणसाएवढी उंच चाळीस लोखंडी कपाटं यायची होती. कुठलं कपाट कुठे उभं करायचं, ते आधी जमिनीवर आखून घ्यायचं होतं. इंजिनियर होत्या निगडेमॅडम. त्यांनी भिवाच्या हातात नकाशा दिला.

"भिवाभाऊ, कागदावर जसं आहे, अगदी तसंच जमिनीवर उतरवा."

संध्याकाळी मॅडम बघायला आल्या. दालन रिकामं. कोपऱ्यातल्या एका फरशीवर मात्र चाळीस कपाटं आखलेली. एकेक कपाट काडेपेटीपेक्षा लहान.

"हे काय?"

"कागदावरचं जसंच्या तसं उतरवलंय," भिवा म्हणाला. "बाकीचं दालन मोकळं ऱ्हायलं बगा. म्हसरं बांदता येतील."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, कागदावर सगळं लहान असतं! कागदावर दिसेल त्याच्या पन्नासपट करायचं!"

"चुकलं माजं. ध्यानात ठिवतो."

ठेवलं. दुसऱ्या दिवशी शहरातून तीन इंजिनियर पाहुणे आले. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली: चार चहा, त्यातला एक बिनसाखरेचा. भिवाने चिठ्ठी वाचली. कागदावरच होतं ते. तासाभराने तो टेम्पो घेऊन आला. दोनशे कप चहा. त्यातले पन्नास बिनसाखरेचे. ते त्याने पाहुण्यांच्या चहूबाजूंनी जमिनीवर दाटीवाटीने मांडले. पाहुणे मधोमध अडकले. पाऊल टाकायला जागा नाही.

मॅडम दारातून ओरडल्या, "अहो, माणसाने वावरायचं कुठून? काहीही मांडायचं झालं, तरी पुढे चार फूट जागा मोकळी सोडायची! कपाट असो नाहीतर कप असो, चार फूट!"

"चुकलं माजं. ध्यानात ठिवतो."

तिसऱ्या दिवशी संघाचे अध्यक्ष दौलतनाना काम बघायला आले. हार घालायचा मान भिवाला मिळाला. आता एवढा मोठा माणूस, आणि त्याच्यापुढे जागा सोडायची नाही? भिवाने टेप काढला. नानांच्या पायापासून चार फूट मोजले. फक्कीची रेघ मारली, रेघेमागे उभा राहिला आणि हार फेकला. पहिला हार पंख्यात अडकला. दुसरा नानांच्या उजव्या कानात. तिसऱ्यासाठी नाना थांबलेच नाहीत.

"भिवाभाऊ!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "अशा वेळी जवळ जायचं असतं हो. अगदी खेटून."

"चुकलं माजं."

चौथ्या दिवशी आखणी पुरी झाली. पन्नासपट मोठी, रेघा सुतासारख्या. फक्त चाळीसच्या चाळीस कपाटं एकामागे एक, अगदी खेटून. जणू रेशनच्या दुकानापुढची रांग.

मॅडम आता ओरडल्या नाहीत. लहान पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "हे बघा, मशीन पुढून थंड हवा घेतं आणि मागून गरम सोडतं. तुम्ही एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाशी आणलीत, तर मागचं भाजून निघेल. म्हणून ओळी कशा? तोंडासमोर तोंड आणि पाठीला पाठ."

भिवाला हे फार पटलं. त्याने ओळी तशा आखल्या, मध्ये चार-चार फूट वाटाही सोडल्या. अगदी बिनचूक. कपाटं आली, आपापल्या चौकटीत उभी राहिली. मॅडमनी पाठ थोपटली. नानांनीही मोठ्या मनाने हार विसरायचा ठरवला. उद्घाटनाच्या दिवशी भिवाला कायम केल्याचं पत्र द्यायचं ठरलं. कौसाबाईने त्या दिवसासाठी ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं.

गप्प बसला असता, तर सोनं झालं असतं. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संघाची सभा होती आणि मांडवात खुर्च्या भिवाने लावल्या. तोंडासमोर तोंड, पाठीला पाठ. निम्मे सभासद व्यासपीठाकडे पाठ करून बसले. दहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन चुलतभाऊ दीड तास गुडघ्याला गुडघा लावून होते. शेवटी एकाने दुसऱ्याची टोपी उडवली आणि सभा तिथेच संपली.

"आन् येकालाबी गरम हवा लागली न्हाई," भिवा म्हणाला.

मॅडमनी हात जोडले. "भिवाभाऊ, आता एक दिवस डोकं चालवू नका. या चाव्या घ्या. उद्या सकाळी मशीनघर झाडा आणि नकाशा बघून आवरा. नकाशात ज्याला जागा आहे, ते आपल्या जागेवर. ज्याला जागा नाही, ते बाहेर."

"काय बी असलं तरी?"

"काहीही असलं तरी!"

दुसरा दिवस उजाडला. दुपारी बाराला नाना मशीनघरातलं बटण दाबणार होते. बटण दाबलं की चारशे केंद्रांवरचे दुधाचे वजनकाटे सुरू होणार होते. तिकडे चारशे गावांत लोक दुधाचे कॅन घेऊन उन्हात उभे होते. दूध काही कुणाची वाट बघत नाही.

पावणेबाराला नाना, मॅडम आणि मागे अर्धा तालुका मशीनघरापाशी आला. दार बंद. बाहेर झाडू, बादली, स्टूल, नानांसाठी आणलेली खुर्ची, समई, गणपतीची तसबीर असं सगळं ओळीने मांडलेलं. बाजूला भिवा उभा.

"दार उघड," नाना म्हणाले.

"उगडून काय करायचं, नाना?" भिवाने नकाशा पसरला. "तुमाला आत जागा न्हाई. मॅडमला न्हाई. मानसाला जागाच दावली न्हाई. मी सोता भाईर आलोय बगा."

नानांच्या हातात ते पत्र होतं. त्याचा चोळामोळा झाला.

कौसाबाई लुगडं सावरत पुढे आली. "अवो, चावी कुटं हाय?"

"आत."

"आत?"

"तिला जागा हाय. ही बग, दाराजवळ भितीवर खुंटी दावलीया. तितं अडकवली, भाईर आलो आन् दार वडलं."

ते दार ओढलं की आपोआप कुलूपबंद होणारं होतं. खिडकी एकही नव्हती. चोराला मशीनघरात शिरता येऊ नये, म्हणून मॅडमनी भक्कम बांधून घेतलं होतं. कौसाबाईने पदर खोचला. ती एसटी स्टँडच्या वाटेला लागली.

"थांबा, थांबा कौसाताई!" मॅडम ओरडल्या. "मी याला दोन चाव्या दिल्या होत्या!"

कौसाबाई थबकली. नानांनी चुरगळलेलं पत्र पुन्हा सरळ केलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"भिवाभाऊ, दुसरी चावी कुठे आहे?"

भिवा हसला. या वेळी तरी आपलं काही चुकलं नाही, याची त्याला खात्री होती.

"खुंट्या दोन हायत, मॅडम."