एकवीस चांदीची बटणं

करंजगडच्या महाराजांच्या मोटारीत भोंगा वाजवायला जावं तर काचेवरचा वायपर नाचू लागे, आणि वायपर लावायला जावं तर टप उघडे. दोष मोटारीचा नव्हता. तिची मूळची बटणं महाराजांना गावंढळ वाटली, म्हणून त्यांनी ती काढून स्वतःच्या डोक्यातून नवी घडवून घेतली होती. सगळी चांदीची, सगळी गोल, एकवीसच्या एकवीस एका रांगेत. कुठलं कशाचं, हे त्या बटणांनाही ठाऊक नसावं.

शेवटी एकदा भर बाजारात ड्रायव्हर रखमाजी भोंगा शोधायला खाली वाकला आणि मोटार कुंभाराच्या माठांत शिरली. महाराज तापले.

"उद्या दसऱ्याची मिरवणूक. नजर रस्त्यावरून हलवायची नाही आणि मी सांगेन ते बटण दाबायचं. एक चुकलं की नोकरी गेली."

"सरकार, बटणांवर थोडी खूण केली तर..."

"तर आजच गेली."

रखमाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको अनसूया राजवाड्याच्या मुदपाकखान्यात ताटं वाढायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मिरवणूक संध्याकाळी ना? मग त्याआधी सरकार जेवतीलच. तुम्ही झोपा."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची पंगत बसली. अनसूयेने अदबीने विचारलं, "सरकार, ताटाकडे न बघता जेवता येईल?"

"पन्नास वर्षं जेवतोय मी. डोळे मिटून जेवेन."

"मग मिटावेत."

महाराजांनी डोळे मिटले. अनसूयेने वाढप मांडलं. महाराजांनी पुरीचा तुकडा मोडून ऐटीत बासुंदीत बुडवला आणि तोंडात टाकला. तो ठेचा होता. जीभ भाजली म्हणून ताकाची वाटी तोंडाला लावली, तर तो चिंचेचा कोळ निघाला. पाहुणे पाटावरून लोळायचे तेवढे बाकी राहिले.

महाराजांनी डोळे उघडले. समोर एका रांगेत एकवीस चांदीच्या वाट्या!

"हे कसलं वाढप? मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी उजवीकडे. भात मधोमध. शेंबड्या पोराचाही हात न बघता बरोबर जातो."

"जातो, सरकार. पण ते गावंढळ दिसतं. रांग कशी देखणी, आणि सगळं चांदीचं. मी मोटारीवरूनच शिकले."

दाराआड उभ्या रखमाजीने कपाळावर हात मारून घेतला. महाराज ठेच्याने लाल झालेच होते, ते आणखी लाल झाले आणि मग एकदम हसत सुटले.

"मिस्त्रीला बोलवा. मोटारीचं ताट आता ही वाढणार!"

अनसूयेने दुपारभर मिस्त्रीला कामाला जुंपलं. भोंगा मोठा, मधोमध, भाताच्या मुदीएवढा. दिवे उजवीकडे, वायपर डावीकडे, टपाचं चिमुकलं बटण पार कोपऱ्यात. संध्याकाळी रखमाजीची नजर रस्त्यावरून हलली नाही आणि बोटही एकदाही चुकलं नाही.

"नोकरी पक्की," महाराज म्हणाले. "आणि अनसूये, तुला काय हवं?"

"मोटारीतून एक फेरी, सरकार. आम्ही दोघं मागे बसू."

"दोघं मागे? मग चालवणार कोण?"

"सरकारच. फक्त आता डोळे मिटू नयेत."

महाराज पोट धरधरून हसले. मग त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं, दोघांना बसवलं आणि करंजगडला एक सोडून चांगल्या तीन फेऱ्या मारल्या.