अंदाजघराची वाट

फार फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा कावळे माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत. एका राज्यात अंदाजघर नावाची कचेरी होती. पाऊस किती पडला, गुरं किती व्याली, बाजारात काय खपलं, अशा गावोगावच्या बातम्या तिथे येत. तिथली माणसं त्यांचा मेळ घालून राजाला सांगत, की यंदा धान्य किती साठवावं आणि नावा कुठे पाठवाव्या. दर दसऱ्याला तिथे एक नवं माणूस घेत.

नदीकाठच्या एका गावात भिवरा नावाची मुलगी राहत असे. तिची आई नावेने येणाऱ्या उतारूंसाठी खानावळ चालवी. भिवराला अंदाजघरात जायचं होतं, दुसरं काही तिला सुचतच नसे. इकडे भाकरी थापून थापून आईचे हात दुखू लागले होते. ती म्हणाली, "येत्या दसऱ्यापर्यंत तुला मोकळीक. नाही जमलं, तर मग चुलीपाशी बसायचं." त्यात रागापेक्षा थकवा जास्त होता, म्हणून भिवराला उलट बोलता येईना.

तिने तयारी आरंभली. राजधानीहून आलेला एक उतारू म्हणाला, सावलीवरून वेळ मोजता यायलाच हवी. ती ते शिकली. दुसरा म्हणाला, सावली जुनी झाली, आता दोरीच्या गाठींचं गणित चालतं. ती तेही शिकली. तिसऱ्याने नक्षत्रांचं खूळ डोक्यात भरवलं. जो येई तो नवी विद्या सांगून, पोटभर जेवून, हात धुऊन चालू लागे. यांपैकी कुणी अंदाजघरात कधी पाऊल तरी टाकलं होतं का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. जितकं शिकावं तितकं राहिलेलं वाढतच चाललं आणि बिचारीची झोप उडाली.

खानावळीच्या मागे एक म्हातारा कावळा उरलेल्या भाकऱ्या खाऊन गुबगुबीत झाला होता. एके दुपारी गाठी मारता मारता भिवराला रडू कोसळलं. कावळ्याने चोच पुसली आणि विचारलं, "पोरी, तू एवढं शिकलीस, मग मला फुकटचं जेवण कसं काय मिळतं?"

"भाकऱ्या उरतात म्हणून."

"आणि परवा उतारू उपाशी गेले ते?"

भिवराने हातातली दोरी बाजूला ठेवली. आई मनाला येईल तेवढं पीठ मळायची. कधी टोपलीभर भाकऱ्या उरत, कधी माणसं नुसतं पाणी पिऊन उठत. हा गोंधळ ती लहानपणापासून पाहत आली होती. पण अंदाज बांधायचा तो राज्याचा, घरच्या पिठाचा कोण बांधतो, असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती घाटावर जाऊन बसली. जेवायला येणाऱ्या प्रत्येक उतारूमागे ती मडक्यात एक खडा टाकी. वारा असलेल्या दिवसाचं मडकं वेगळं, वारा पडलेल्या दिवसाचं वेगळं. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की वारा असला की नावा लवकर पोहोचतात आणि लोक घरी जाऊन जेवतात. वारा पडला की उशीर होतो आणि सगळे भुकेले खानावळीत शिरतात. मग रोज सकाळी ती वारा पाहून आईला पीठ किती घ्यायचं ते सांगू लागली. आईने आधी नाक मुरडलं, पण भाकऱ्या बरोबर पुरू लागल्या तशी तीच रोज विचारू लागली. कावळ्याची मात्र पंचाईत झाली.

एकदा अंदाज सपशेल फसला. वारा पडलेला होता, पिठाचा डोंगर मळला, आणि कुणीच आलं नाही. पलीकडच्या गावी जत्रा होती, सगळे तिथेच जेवले. तेव्हापासून भिवरा वाऱ्याबरोबर नावाड्यांनाही विचारू लागली, की आसपास कुठे जत्रा आहे का.

दसऱ्याला ती राजधानीत पोहोचली. अंदाजघराची मुख्य एक वयस्कर बाई होती. तिने गाठींचं काही विचारलं नाही की सावलीचं. येणाऱ्या प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न असे: तू कशाचा अंदाज बांधलास आणि तो कुठे चुकला? बरेच जण गोंधळले. काही छाती फुगवून म्हणाले, आमचा कधी चुकतच नाही. त्यांना तिने सरबत पाजून गोडीने घरी पाठवलं.

भिवराने पीठ, वारा आणि जत्रेची फजिती, सगळं सांगून टाकलं. मग घाबरत कबूलही केलं, की नक्षत्रं शिकायची अर्धी राहिली आहेत.

बाई हसली. "ती आम्हालाही येत नाहीत, बाळा. लागेल ते इथे शिकवू. चुकलं तर का चुकलं, हे शोधायची सवय मात्र घरूनच आणावी लागते, ती तू आणलीस. उद्यापासून ये."

भिवरा बाहेर येऊन कचेरीच्या पायरीवर बसली. एवढे महिने ज्याच्या धाकाने ती झुरली, ते कुणी मागितलंच नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं, हसू आलं, डोळेही भरून आले. गावी निरोप गेला तेव्हा आईने आनंदाने हात पुसले आणि वारा आहे की पडलाय ते पाहून बेताचंच पीठ मळलं. त्या दुपारी तिला कितीतरी दिवसांनी घटकाभर पाठ टेकता आली.

बोध: सगळं शिकून होईपर्यंत थांबू नये, जे येतं त्याने समोरचा एक प्रश्न सोडवावा, कामाची वाट तिथूनच सुरू होते.