समुद्रापलीकडचा पूल

युद्धात मोडलेल्या एका परक्या बेटावर आपल्या लष्कराने पैसा घालून पूल बांधून घेतला. बांधला मिरजेच्या शाहीन मुजावरने. पुलावरून रणगाडे गेले, पण शेवटचं बिल काही निघेना. अकरा गवंडी मजुरीसाठी तिच्या दारात बसून होते.

बेटावरचं कोर्ट म्हणालं, "पैसा तुमच्या लष्कराचा, तिकडेच जा." इकडे लष्करावरचे पैशांचे दावे ऐकणारे अधिकारी कर्नल दिघे मिशीला पीळ देत म्हणाले, "पूल परदेशात आहे, पोरी. माझा अधिकार किनाऱ्यापाशी संपतो." माणूस म्हातारा झाला की शहाणा होतो, ही म्हाताऱ्यांनीच उठवलेली अफवा आहे.

शाहीन उठली आणि दारापाशी थांबली. "मग साहेब, तिथे कुणी तुमचं सिमेंट विकून खाल्लं, तरी तुम्ही काहीच करू शकत नाही? बाकीचे ठेकेदार हसतात ते खरंच म्हणायचं."

"कोण हसतं?" कर्नल लालबुंद झाले. "पैसा लष्कराचा, करार याच टेबलावर झालेला!" ते कारकुनाकडे वळले. "लेले, नोटीस लिहा. या पुलाच्या कराराबद्दलची प्रत्येक तक्रार इथेच ऐकली जाईल!" सही झाली, शिक्का बसला.

शाहीनने शाई वाळू दिली आणि शेजारी आपला अर्ज ठेवला. "ही घ्या पहिली तक्रार."

"अगं, ते चोरांसाठी होतं!"

"म्हणजे चोरी केली तर मी तुमची, आणि मजुरी मागितली तर परक्यांची?"

लेल्यांनी साहेबांकडे न बघताच अर्जावर आवक क्रमांक टाकला.