वेणुकेच्या काठावरची हाक

"मग सेनापती वज्रकेतू चुकला, असं म्हणता गुरुजी?"

प्रश्न सेनापती नागदत्ताचा. मागे त्याची दहा हजारांची फौज, पुढे वेणुका नदी, पलीकडे राजधानीची वाट. राज्यसभेचा हुकूम होता: फौज अलीकडे सोड, शस्त्रं ठेव, एकटा ये आणि जाब दे. फौजेसह नदी ओलांडली, तर तो राजद्रोह.

आचार्य धर्मघोष काठावरच्या मठीत राहत. नागदत्ताला अक्षरं त्यांनीच शिकवली होती. ते वाल सोलत बसले होते.

"त्या काळी वज्रकेतूनंही असाच हुकूम धुडकावला," नागदत्त म्हणाला. "तीन दिवसांत राजधानी घेतली!"

"घेतली. पुढं?"

नागदत्तानं नदीकडे नजर वळवली.

"पुढं सहा वर्षं आपलेच आपल्यांना मारत होते. तेवढं विसरलास वाटतं."

"पण सभा मला कैदेत टाकेल! नऊ वर्षं सीमेवर रक्त आटवलं, त्याचं हे फळ?"

"अन्याय आहे," आचार्य म्हणाले.

उपदेश ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला होकार मिळाला, की तो गडबडतोच.

"मग... ओलांडू?"

"ओलांड. पण रीत पाळ. घरी परतणारा शिपाई आधी काठावरून आपल्या गावाच्या नावानं हाक मारतो. सगळ्यांना हाक मारू दे."

नागदत्त हसला. दहा हजार गळ्यांची हाक! पलीकडे सभेनं घाईघाईनं गोळा केलेले भालेकरी उभे होते. त्यांची तर पाचावर धारण बसेल. त्यानं लगेच हुकूम सोडला.

"ए सावरटेक!"

"ए चिंचओहोळ!"

"ए कळमाळ!"

काठ दणाणला. मग शांत झाला...

पलीकडून एकच आवाज आला. "सावरटेकचा कोण रे?"

"कान्हू! लोहाराचा!"

"अरे, मी भिवा! तुझी म्हैस व्याली रे परवा!"

फौज खो खो हसली. मग दोन्हीकडून हाकांचा नुसता गलका. कोणाला मुलगी झाली होती, कोणाचा बाप गेला होता. नीट ऐकू यावं म्हणून माणसं भाले वाळूत रोवून गुडघाभर पाण्यात शिरली. समोरच्यांनीही तेच केलं.

नागदत्त बघत राहिला. या लोकांना आता 'मारा' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"वज्रकेतूच्या वेळी अशी हाक...?"

"त्यानं हाकेला बंदी केली होती." आचार्यांचे हात थांबले. "मी होतो त्याच्या फौजेत. पलीकडे उतरलो, आणि माझ्या भाल्यावर पहिला आला तो माझा धाकटा भाऊ."



मग नागदत्तानं कमरेची तलवार सोडून मठीच्या ओट्यावर ठेवली. "फौज इथंच राहील," त्यानं नायकांना सांगितलं. ताप उतरल्यावर वाटतं तसं त्याला मोकळं वाटत होतं. किती थोडक्यात निभावलं!

तो नावेत जाऊन बसला. वल्हं हातात घेतलं, पण नाव काही काठापासून लोटेना.

"गुरुजी, एकट्यानं जायची भीती वाटते हो."

आचार्यांनी वालाचं सूप बाजूला ठेवलं, धोतर खोचलं आणि नावेत पाय टाकला.

"सरक थोडा. आणि ते वल्हं इकडं दे, तुला कुठं येतंय!"