चहात बुडवलेली सळई

"मग किल्ली कधी देताय, आक्का?"

द्वारकाक्का थर्मासमधून चहा ओतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"कसली?"

"सर्व्हरच्या कपाटाची. सोमवारी सगळी यंत्रं नव्या लिनक्सवर नेली. एक बंद पडलं नाही. आज शुक्रवार."

शार्दूल तीन प्रमाणपत्रं घेऊन शहरातून आला होता. आक्का सातवी शिकलेल्या. डोंगराकडच्या या रुग्णालयात धोबीखात्यात लागल्या आणि संगणक एकट्यानं शिकल्या, कुणाच्या बापाला न विचारता. दिवाळीनंतर त्या घरी बसणार होत्या. किल्ली कुणाच्या हाती द्यायची ते त्यांनीच ठरवायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"सर्पदंशाच्या लशीचा फ्रीज?"

"हिरवा." शार्दूलनं औषधभांडारातल्या भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. "चार अंश."

"उघडून पाहिलास?"

"मग पडदा कशाला लावलाय?"

भातकापणीचे दिवस होते. गेल्या आठवड्यात दोघांना साप चावला होता, एक पोर होतं. लस गरम झाली तर पाणीच.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठल्या. फ्रीजचं दार उघडलं. आतून एका लांब तारेवर पोलादी सळई लोंबत होती. तार शेजारच्या छोट्या संगणकाला जोडलेली. सळई थंडी-गरमी मोजायची, संगणकातला पहारेकरी प्रोग्राम तो आकडा मोठ्या सर्व्हरला कळवायचा, सर्व्हर पडद्यावर दाखवायचा. आठ अंशांच्या वर गेलं की भोंगा.

आक्कांनी सळई बाहेर ओढली, दार लावलं आणि सळई चहाच्या कपात सोडली.

"अहो…"

"बस."

शार्दूल बसला.

पडदा हिरवा होता. चार अंश.

…

"जरा वेळ लागतो," शार्दूल म्हणाला.

"लागू दे."

पाच मिनिटं गेली. आक्कांनी कपात आणखी गरम चहा ओतला. वाफ सळईभोवतून वर गेली.

चार अंश. हिरवा.

…

"पडद्यावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? मला चष्म्यानंही दिसत नाही."

शार्दूल जवळ गेला. बराच वेळ वाचत राहिला. तीनच शब्द होते आणि एक वेळ.

"शेवटची नोंद, सोमवार. अकरा वीस."

आक्कांनी फ्रीजशेजारच्या छोट्या संगणकाकडे बोट केलं.

शार्दूल संगणकापुढे बसला. पहारेकरी चालू होता. दर मिनिटाला मोजत होता. त्रेसष्ट, एकसष्ट… सगळं बरोबर मोजत होता.

"नवीन आवृत्ती चढवताना तुला एक प्रश्न विचारला असेल त्यानं," आक्का म्हणाल्या.

"जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवीन घेऊ."

"मग?"

"नवीन म्हटलं. जुनी… तुमची होती."

"जुनी टाकून दिली नाही त्यानं. शेजारीच पडलीये."

त्यानं दोन्ही फायली शेजारीशेजारी उघडल्या. कुणाला कळवायचं ती ओळ शोधली. जुनीत सर्व्हरचा पत्ता होता. नवीनमध्ये पहारेकऱ्याचा स्वतःचाच.

चार दिवस तो नेमानं स्वतःलाच कळवत होता.

शार्दूलनं जुनी फाइल आहे तशी उचलून नवीच्या जागी ठेवली. पहारेकरी सुरूच होईना.

"माझं म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस," आक्का म्हणाल्या. "त्यातल्या दोन ओळी नव्या आवृत्तीला कळत नाहीत."

शार्दूल थांबला. बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मंगळवारपासून."

"आणि लस?"

"थंड आहे. सकाळ-संध्याकाळ येते, काचेचा थर्मामीटर बघते. रात्री नर्सबाई बघतात."

"मला सांगितलं का नाही?"

"रोज यायचास ते सगळं हिरवं आहे हे सांगायला. विचारायला कधी आलास?"

…

तो एकेक ओळ वाचू लागला. लागेल ती नव्या फायलीत घेतली, न लागेल ती सोडली. एका ओळीचा अर्थ लागेना तेव्हा त्यानं विचारलं. आक्कांनी सांगितला. किल्लीचा विषय निघाला नाही. ती आक्कांच्या कमरेला होती, तिथेच राहिली.

मध्ये एकदा आक्कांनी कपातला थंड चहा मोरीत ओतून नवा भरला.

पहारेकरी पुन्हा सुरू झाला.

शार्दूल पडद्याकडे बघत उभा राहिला. हात मागे बांधलेले. एक मिनिट गेलं.

पडदा लाल झाला. चौसष्ट.

भोंगा असा ओरडला की व्हरांड्यातून नर्सबाई चपला फटफटवत दारात आल्या. "काय झालं? लस गेली का?"

"लस ठीक आहे," शार्दूल घाईघाईनं म्हणाला आणि बटणाकडे हात नेला. "बंद करतो, आक्का. खोटाच भोंगा आहे."

आक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"खोटा कुठला? चहा गरमच आहे."